होऊ घातलेल्या जंक्शनचे रहिवासी

आम्ही राहतो त्या भागाला नाव नाही असं नाही. उलट नावांचा सुकाळ आहे. विजेच्या बिलावर एक, उताऱ्यावर दुसरं, मुलीच्या लग्नपत्रिकेत छापलं ते तिसरं (ते वाचून व्याही मंडळी नवी मुंबईसारखं काहीतरी बघायच्या तयारीनं आली होती), आणि पार्सलवाल्या पोराला फोनवर सांगायचं ते चौथं. पोरगं दर वेळी नवं असतं, संभाषण मात्र जुनंच.

"काका, बोदवडात आलोय. आता कसं येऊ?"

"स्टेशन रोड धर."

"स्टेशनावरच उभा आहे."

"मग उलटा फिर आणि गावाकडे ये."

"हे गाव नाही का?"

"ते नाडगाव."

"पाटीवर बोदवड लिहिलंय, काका."

"पाटी बोदवडची आहे. जमीन नाडगावची."

पोरगं गप्प होतं. त्याच्या मोबाइलमधली बाई एव्हाना त्याला कुठल्यातरी कपाशीच्या शेतात वळायला सांगत असते. शेवटी मी हुकमी इलाज काढतो. "तिथंच थांब. मी येतो." म्हणजे घरपोच सेवेचे पैसे भरायचे, भर उन्हात स्वतःची गाडी काढायची, स्टेशनावर जाऊन पार्सल घ्यायचं आणि वर त्या पोराला उसाचा रस पाजायचा. रस पिऊन पोरगं मोबाइल पुढे करतं, "काका, सेवा कशी वाटली, तेवढं पाच चांदण्या दाबा." मी दाबतो. आमच्या भागात घरपोच सेवा मिळते हे जगाला कळायला नको का?

तर, बोदवडचं रेल्वे स्टेशन बोदवडात नाही, शेजारच्या नाडगावला आहे. म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी पाटीवरही नाडगावच होतं. नाडगावची माणसं हे सांगताना आवाज थोडा वर नेतात, बोदवडची माणसं त्याच वेळी खोकतात. आता स्टेशन ते गाव अंतर किती, हा प्रश्न मात्र कुणी कुणाला विचारू नये. रात्रीच्या गाडीनं उतरलात तर रिक्षावाल्याच्या मते ते "बरंच लांब पडतं, साहेब." प्लॉट विकणाऱ्याच्या मते "हे काय, हाकेच्या अंतरावर." पाहुण्यांना आणायला कुणी जायचं असा प्रश्न घरात निघाला की तरण्या पोरांना तेच अंतर भुसावळएवढं वाटतं, आणि पाहुणे परत निघाले की तीच पोरं म्हणतात, "मामा, चला ना, गप्पा मारत पायी जाऊ. इथंच तर आहे."

गाव आणि स्टेशन यांच्यामधल्या या लांबणाऱ्या-आखडणाऱ्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. तालुक्याच्या गावाला कुठे उपनगर असतं का, असं माझ्या दादरच्या मावसभावानं एकदा नाक मुरडून विचारलं. त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं दादर तरी काय होतं? 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, म्हणून 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्या ट्रस्टानं दादर-माटुंग्याला रस्ते आखले आणि मोकळ्या जमिनीवर प्लॉट पाडले. म्हणजे तुम्हीही प्लॉटवाले, आम्हीही प्लॉटवाले. फरक असलाच तर एवढाच, की तुमच्याकडे उंदीर आले म्हणून वस्ती झाली आणि आमच्याकडे वस्ती झाली म्हणून उंदीर आले. तो काही बोलला नाही. दादरच्या माणसाला दादर पूर्वी गावाबाहेर होतं हे सांगितलेलं आवडत नाही.

आमच्याकडे प्लेगऐवजी कापूस निमित्त झाला. जी.आय.पी. रेल्वेला वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात न्यायचा होता. त्यात 1861 साली अमेरिकेत भाऊबंदकी पेटली. ती चांगली चार वर्षं चालली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. इकडे भाव आभाळाला टेकले. भुसावळहून निघालेली लाइन 1867 साली नागपूरला पोचली. ज्या कुणा साहेबानं नकाशावर पट्टी ठेवून ही रेघ मारली, त्याला बोदवड दिसलंच नसेल असं मला वाटत नाही. पण रेघ वाकवायची म्हणजे रूळ वाढतो, रूळ वाढला की पैसा वाढतो. साहेब म्हणाला असेल, ज्याला गाडी पाहिजे तो येईल चालत. साहेबाचा हिशेब अचूक निघाला. दीडशे वर्षं उलटून गेली, आम्ही अजून चालतोय.

याच लाइनीवर भुसावळ नावाचं एक लहानसं गाव होतं. रेल्वेनं तिथं इंजिनांची शेड टाकली, वर्कशॉप काढलं, बंगले बांधले आणि बघता बघता त्याचं एवढं मोठं शहर झालं की जिल्ह्याचं ठाणं असलेलं जळगावही त्याच्याशी जपून बोलतं. नाडगावला स्टेशनाची जमीन मिळाली, बोदवडला स्टेशनाचं नाव मिळालं आणि माल सगळा भुसावळनं नेला. अशा वाटण्या झालेली घरं खानदेशात गल्लोगल्ली सापडतील. त्या घरांतल्या भावांसारखीच ही तिन्ही गावं लग्नकार्यापुरती एकत्र येतात.

पुढे मलकापूर, म्हणजे वऱ्हाड सुरू. 1956 पर्यंत तर तो मुलूख आमच्या मुंबई राज्यात नव्हताच. त्यामुळे मलकापूरचे आम्हाला खानदेशी समजतात आणि जळगावचे अर्धे वऱ्हाडी. बाहेरगावचे पाहुणे तर त्याहून पुढचे. जळगाव जिल्हा म्हटला की त्यांना केळीच दिसतात. "येताना एक घड आणा ना, तुमच्याकडे काय कमी!" केळी पिकतात तिकडे तापीकाठी, रावेर-यावलला. आमच्याकडे कपाशी, ज्वारी, तूर आणि आभाळाकडे बघायची सवय पिकते. पण हे सांगत बसण्यापेक्षा मी भुसावळला बाजारातून घड विकत घेतो आणि "घरचाच आहे" म्हणून देतो. जिल्ह्याची अब्रू राखायला थोडा खर्च येतोच.

आमची वस्ती मात्र रेल्वेनं वसवलेली नाही. ती 1999 सालची. त्या साली बोदवड तालुका झाला. तोवर या रस्त्याला दोन्ही अंगांनी कपाशी आणि अधूनमधून एखादं जिनिंग. हंगामात जिनिंगच्या दारापासून बैलगाड्यांची रांग लागायची आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकायचे. तालुका झाला म्हणजे कचेऱ्या येणार, कचेऱ्या आल्या म्हणजे साहेब येणार, साहेब आले म्हणजे त्यांना घरं लागणार. एवढा हिशेब कुणालाही कळतो. शेतात कपाशीऐवजी दगडी खुंट्या उगवल्या, चुन्याच्या रेघा पडल्या आणि एकेका नगराचा जन्म झाला. जमीन जितकी ओसाड तितकं नाव हिरवंगार, असा एक नियमच दिसतो. जिथं सावलीला बोरीचं झुडूप नाही तिथं पार्क, आणि जिथं हंडाभर पाण्याची मारामार तिथं सरोवर. नकाशात तर बालोद्यान होतं, त्यात कारंजं होतं, कारंज्याच्या काठावर बसलेलं जोडपंही काढलेलं होतं. माझा प्लॉट मी ते जोडपं बघून घेतला. ते अजून राहायला आलेलं नाही.

साहेब आले. पण ते राहिले भुसावळला नि जळगावला, आणि रोज अपडाऊन करू लागले. त्यांच्यासाठी बांधलेली घरं आम्हालाच वापरावी लागली.

माझ्या घराच्या डाव्या हाताला अप्पा राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, पण ड्युटी सुटलेली नाही. ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि लाइनीवरून जी गाडी जाईल तिच्यावर शेरा मारतात. "दहा मिनिटं लेट." जी गाडी बोदवडला थांबतच नाही, तिच्या लेट होण्याचा अप्पांना एवढा त्रास का व्हावा कळत नाही. रात्री अडीचला मालगाडी गेली तरी भिंतीपलीकडून आवाज येतो, "रिकामी चालली." उजव्या हाताला नाना. त्यांची शेती पलीकडच्या खेड्यात, मुलांच्या शिक्षणासाठी प्लॉटवर बंगला बांधला. बंगल्याला ऐटबाज पोर्च आहे, पोर्चमध्ये म्हैस बांधलेली असते आणि चारचाकी बाहेर निंबाखाली उभी असते. यावर मी एकदा काही बोललो तर नाना म्हणाले, "गाडी उन्हानं दूध कमी देत नाही, भो." समोर गुरुजी. गुरुजींचा छंद अर्ज करण्याचा. गल्लीत दिवा नाही, अर्ज. दिवा लागला पण दिवसाही चालू राहतो, अर्ज. कुणाचंच काही नसेल तर मागच्या अर्जाचं काय झालं, याचा अर्ज. खाली "आपला विश्वासू" लिहितात, पण त्यांचा स्वतःचा कुणावरही विश्वास नाही.

या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं, ते म्हणजे आपण कुठले यावर कधीच एकमत होऊ द्यायचं नाही. गावातली पोरं गणपतीची पावतीबुकं घेऊन आली की गल्ली एका सुरात म्हणते, "आम्ही गावाबाहेरचे, बाबा. आमचा इकडे वेगळा गणपती आहे." मग नाडगावची पोरं येतात. त्यांना सांगायचं, "आम्ही बोदवडचे." दोन्हीकडची पोरं एकदम आली तर घराला कुलूप. पण गावातल्या भंडाऱ्याचं आवतन आलं नाही, की हीच गल्ली अशी खवळते की विचारू नका.

"आम्ही काय गावाबाहेरचे आहोत?" नाना पोर्चमधून गर्जतात. म्हैससुद्धा मान वर करून बघते.

आमच्या आईनं तर या घराला शेवटपर्यंत घर म्हटलंच नाही. गावातल्या वाड्यात तिचं सगळं आयुष्य गेलेलं. इथं स्लॅब होता, पंखे होते, खाली चकचकीत फरशी होती; ती मात्र संध्याकाळी वाड्यात फोन करून सांगायची, "मी मळ्यातच हाये. दोन दिवसांनी घरी येईन." बायकोचंही तसंच. आता दोन्ही बाजूंनी इतकी घरं उठली आहेत की गाव कुठे संपतं ते गावालाही सांगता येणार नाही, पण बाजाराला निघाली की ती म्हणते, "जरा गावात जाऊन येते." नगरपंचायत झाली, सतरा प्रभाग पडले, आम्ही रीतसर शहरवासी झालो. तरी ती गावातच जाते.

पाण्याचा विषय मी टाळणार होतो, पण बोदवडवर लिहायचं आणि पाणी टाळायचं म्हणजे पंढरपूरवर लिहून विठोबा टाळण्यातला प्रकार. आमच्या नळाला इंग्रजी नाव आहे, ओडीए. नव्वदच्या दशकात जळगाव जिल्ह्यात ग्रामीण पाणीपुरवठ्यासाठी ब्रिटिश सरकारची मदत आली. ती देणाऱ्या खात्याचं नाव ओव्हरसीज डेव्हलपमेंट ॲडमिनिस्ट्रेशन. त्याच्या आद्याक्षरांवरून बोदवड आणि आसपासच्या गावांच्या योजनेला ओडीए म्हणू लागले. पुढे 1997 साली लंडनला त्या खात्याचं नाव बदललं. 2020 साली ते बदललेलं खातंही परराष्ट्र खात्यात विरून गेलं. आज लंडनमध्ये ओडीए कुठे म्हणून विचारलं तर कुणी सांगू शकणार नाही. बोदवडात मात्र शेजारची माय डोक्यावर रिकामा हंडा घेऊन दारातून विचारते, "काय वं, ओडीए आला का?" साम्राज्य बुडालं तरी आद्याक्षरं टिकली ती आमच्यामुळे.

उन्हाळ्यात पाणी कधी येणार यावर आमच्या वस्तीत पंचांगापेक्षा जास्त अभ्यास झालेला आहे. प्रत्येकाचा खात्रीचा माणूस असतो. एकाचा टाकीवर, एकाचा व्हॉल्व्हवर, एकाचा थेट नदीकाठी. हे तिघे कधीच एक वार सांगत नाहीत. गेल्या मे महिन्यात नानांच्या माणसानं मंगळवार सांगितला, अप्पांच्या माणसानं बुधवार. त्या भरवशावर अप्पांनी जळगावच्या साडूला सहकुटुंब मुक्कामाला बोलावलं. साडू आले, बुधवार आला, पाणी गुरुवारी रात्री दीडला आलं. तेव्हा साडू परत जायला स्टेशनावर पोचले होते. अप्पांनी त्यांना फोन केला, "नळ आलाय, पाहिजे तर अंघोळीला परत या!"

नळ येतो कसा, तेही सांगण्यासारखं आहे. आधी तोटीतून वारा येतो, बारीक शिट्टी मारत. ती शिट्टी ऐकून गाढ झोपलेली माणसं उठून बसतात. अप्पांना तीस वर्षं इंजिनाच्या शिट्टीनं जाग आली नसेल एवढी या शिट्टीनं येते. मग नळ खोकतो. दोनदा-तीनदा गंजाच्या रंगाचं पाणी थुंकतो, पुन्हा थांबतो. या थांबण्यात सगळ्या गल्लीचा श्वास थांबलेला असतो. आणि मग एकदम करंगळीएवढी धार सुरू होते. तेवढ्यात कुणाच्या तरी आवारात मोटार घरघरते आणि आपली करंगळी सुतळी होते. मग पुढचा अर्धा तास "मोटार कुणाची?" या प्रश्नावर जो संवाद भिंतींवरून चालतो, त्यातला कुठलाही भाग इथं छापण्याजोगा नाही. मोटार गल्लीत कुणाकडेच नाही. चार जणांच्या टाक्या मात्र वाहून जातात.

त्या पहाटे बायका बिबड्यांचा घाट घालतात, कारण ज्वारीच्या पिठाचा तो घाटा शिजवायला पाणी हाताशी लागतं. पहाटे चारला चुलीवर पातेलं, हाटायला दोघी, थापायला चौघी, आणि खाटांवर ओल्या धोतरांवर वाळत घातलेले बिबडे. सूर्य वर येतो तसे ते कडेनं उचलायला लागतात. त्यांची राखण माझ्याकडे असते. खानदेशी मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाकडे निघालेला, हातात काठी, डोक्याला ओला पंचा. कावळे येतात, पोरं येतात, नानांची म्हैस येते. कावळ्यांना हाकललं की जातात. पोरं अर्धा ओला बिबडा तोंडात कोंबून जातात. म्हैस जात नाही.

कारंज्याच्या जागेला आम्ही ओपन स्पेस म्हणतो. तिचा खरा उपयोग हिवाळ्यात होतो, भरिताला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आमच्याकडे भरीत करण्याऐवजी भरितावर बोलणाऱ्यांची संख्या वाढली आहे. पाचवारी पातळासारखी फिकट हिरवी, भली दांडगी वांगी. ती भाजायची कपाशीच्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं नाव जरी काढलं तरी अप्पा उठून जातात. काड्या पेटल्या की दर माणूस वेगळ्या दिशेनं फुंकर घालतो आणि धूर फिरून फिरून माझ्याकडेच येतो. वांग्याची साल काळी होऊन तडकली, देठाशी रस फसफसायला लागला, की उचलायचं, सोलायचं आणि लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायचं. मग कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. बरोबर कळण्याची भाकरी.

यात वाद घालण्यासारखं काही नाही, असं वाटेल. पण मिरच्या किती यावर गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीचे दोन तट पडले. नाना म्हणाले, किलोला मूठभर. गुरुजी म्हणाले, मूठ कुणाची? नानांनी मूठ दाखवली. नांगर धरलेली ती मूठ बघून गुरुजींनी हरकत नोंदवली. शेवटी मुठीची सरासरी काढायचं ठरलं तोवर ठेचणाऱ्या पोरांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या मिरच्या टाकून दिल्या होत्या. त्या रात्री गावातून आणि नाडगावातून जेवायला आलेले पाहुणे डोळ्यांतून पाणी काढत जेवले, आणि एकही माणूस तिखट झालं असं म्हणाला नाही. खानदेशात तिखट लागलं हे कबूल करण्यापेक्षा माणूस जमीन लिहून देईल. मी सात ग्लास ताक प्यालो आणि सांगितलं, ताक फार छान झालंय.

आता फाटकाविषयी. नाडगावचं रेल्वे फाटक हे आमचं अर्धं सामाजिक जीवन होतं. फाटक पडलं की दोन्ही बाजूंना माणसं थांबायची, आणि थांबली की बोलायची. लग्नं जमायची, उधाऱ्या निघायच्या, आणि ज्याला चुकवत फिरत होतो तो बरोबर शेजारच्या गाडीवर बसलेला असायचा. उड्डाणपूल झाल्यावर हे सगळं बसलं. माणसं वरून जातात, कुणी कुणाला भेटत नाही. पण सवय इतक्या लवकर जाते थोडीच! मार्च 2025 मध्ये पहाटे धान्याचा एक ट्रक बंद फाटक तोडून रुळावर आला आणि मुंबई-अमरावती एक्स्प्रेसनं त्याला धडक दिली. नशिबानं जीवितहानी झाली नाही. सकाळी सगळी वस्ती बघायला गेली. दोन्ही बाजूंना एवढी माणसं जमली की फाटकाचे जुने दिवस परत आले, आणि अप्पांची पंधरा वर्षं अडकलेली एक उधारी तिथंच वसूल झाली. एक्स्प्रेस किती लेट झाली, ते त्यांनी अर्थातच मिनिटासकट सांगितलं.

सध्या आमच्या वस्तीत एकच विषय आहे, जंक्शन. पाचोरा ते जामनेर अशी इंग्रजांच्या काळातली एक छोटी गाडी होती, आम्ही तिला पीजे म्हणतो. 56 किलोमीटर अरुंद रुळावरून ती अशी रमत जायची की मधे उतरून शेतातली बोरं तोडून पुन्हा बसता येई, असं म्हणणारे लोक आहेत. बोरं तोडणारा प्रत्यक्ष मला अजून भेटलेला नाही. 2020 च्या टाळेबंदीत ती बंद पडली ती पडलीच. आता तिचे रूळ रुंद व्हायचेत आणि जामनेरहून पुढे लाइन थेट बोदवडपर्यंत यायची आहे, एकूण 84 किलोमीटर. म्हणजे दोन लाइनी मिळणार. दोन लाइनी मिळाल्या म्हणजे जंक्शन. हे कळल्यापासून आमच्याकडे कुणी सरळ चालत नाही, सगळे जमिनीकडे बघत चालतात.

प्लॉटचे भाव चढले. ज्या प्लॉटात काल बकऱ्या चरत होत्या तो आज "जंक्शन टच" झाला. टच म्हणजे कुठून, असं विचारलं तर एजंट हात लांब करतो आणि क्षितिजाकडे बोट दाखवतो. अप्पांनी तर ओट्यावर बसल्या बसल्या सगळं यार्ड आखून टाकलंय. प्लॅटफॉर्म नंबर एक त्यांच्या कंपाउंडला लागून येणार, पाण्याची टाकी गुरुजींच्या अंगणात, आणि पार्सल ऑफिस माझ्या स्वयंपाकघरात.

"माझ्याच का?" मी विचारलं.

"तुमच्याकडे पार्सलं फार येतात."

नानांना हे मान्य नाही. त्यांच्या मते नंबर एक त्यांच्या बाजूला. नंबर एकच्या बाजूला चहाचा स्टॉल असतो, आणि म्हैस त्यांच्याकडे आहे. दोघांचं बोलणं बंद होतं. आठवडाभर दोघे माझ्यामार्फत भांडत होते.

अशात एका सकाळी ओपन स्पेसवर तिपाई घेतलेला एक तरुण येऊन उभा राहिला. तिपाईवर यंत्र, डोक्यावर टोपी, बरोबर लाल-पांढरी पट्टी धरलेला पोरगा. वस्तीत वीज सळसळली. अप्पांनी स्वतःची खुर्ची नेऊन दिली. आजवर त्या खुर्चीवर त्यांनी सख्ख्या जावयाला बसू दिलेलं नाही. नानांनी निरशा दुधाचा चहा पाठवला. माझ्या बायकोनं तळलेले बिबडे नेले. गुरुजींनी संपूर्ण वस्तीच्या वतीनं पुष्पगुच्छ म्हणून कढीपत्त्याची एक डहाळी दिली, तेवढीच हिरवी होती. तो तरुण संकोचून चहा पीत होता. अप्पांनी घसा साफ केला.

"साहेब, मोघम सांगितलं तरी चालेल. नंबर एक कुठल्या अंगाला?"

"कसला नंबर एक?"

"जंक्शनचा."

"मी मोजणीला आलोय," तो म्हणाला. "ओपन स्पेसवर अतिक्रमण झाल्याचा अर्ज आहे. तुमच्याच कॉलनीतून."

सगळे वळून गुरुजींकडे बघू लागले. गुरुजी आभाळाकडे बघू लागले. नानांनी चहाचा दुसरा कप वाटेतूनच मागे वळवला.

मोजणी दुपारपर्यंत चालली. नानांच्या म्हशीची गव्हाण दीड फूट आत निघाली. अप्पांची खुर्ची जिथं रोज असते तो ओट्याचा कोपरा नऊ इंच. माझ्या मोरीचं पाणी जातं तो खड्डा पूर्णच. आणि सर्वांत जास्त, सव्वादोन फूट, निघालं गुरुजींचं तुळशीवृंदावन. त्या तरुणानं प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. पट्टी धरलेल्या पोरानं तोवर बिबड्यांचं ताट रिकामं केलं होतं.

ते गेल्यावर गुरुजींच्या ओट्यावर बैठक बसली. अप्पा आणि नाना बऱ्याच दिवसांनी एकमेकांशी सरळ बोलले. गुरुजींनी कोरा कागद घेतला. विषय अप्पांनी सुचवला: सदर जागा प्रस्तावित बोदवड जंक्शनमध्ये जात असल्याने मोजणी स्थगित ठेवणेबाबत. पहिली सही नानांनी केली. दुसरी मी केली, आणि पत्त्यापाशी अडलो.

"काय लिहू? बोदवड का नाडगाव?"

"तूर्त काहीच लिहू नका," गुरुजी म्हणाले. "जंक्शनच्या दक्षिणेस, एवढंच लिहा."